अकरा झाडांना पाणी

अकरा झाडांना पाणी द्यायचं, एवढंच मी ठरवलं होतं. चारशे नव्हे, फक्त अकरा. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते ऐकून लोकांना वाटतं की मी मुळातच धाडसी मुलगी आहे. तसं काही नाही. वर्गात हजेरीच्या वेळी 'प्रेझेंट मॅडम' म्हणण्याआधी मी ते मनात तीनदा म्हणून पाहते. (तरीही वर्षातून चार-पाच गैरहजेऱ्या मी हजर असताना लागतात.)

आमचं एक घर मोहगावकडे, वावरात म्हणजे शेतात आहे. बाबांच्या आजोबांनी ते बांधलं. काळ्या दगडाच्या भिंती, वर कवेलूचं छप्पर, समोर संत्र्याचा बगीचा आणि मागे गवताचं मोठं पडीत. त्या पडितातलं गवत कमरेएवढं उंच आहे आणि वारा नसतानाही हलतं. घराच्या प्रत्येक खोलीला तीन दारं आहेत, त्यामुळे कुठेही बसलं तरी एक दार पाठीमागे येतंच. माळ्यावर एक धामण राहते. वावर राखणारा आमचा सालदार चिंधूकाका तिला 'घरचीच हाय, बिचारी' म्हणतो. मी तिला एकदाच पाहिलं. म्हणजे तिचं शेवटचं टोक पाहिलं. उरलेली केवढी असेल हे मी मनातल्या मनात मोजत राहिले आणि त्या दिवशी जेवले नाही.

आम्ही राहतो सौसरला, हिंदी-मराठी सीमेवर, भाड्याच्या घरात. बाबा तिथल्या एका कचेरीत बाबू आहेत. दिवाळीनंतर आमचे घरमालक शालिकरामजी येऊन बसले, चहा प्याले आणि म्हणाले, "पोराचं लगन हाय जी फेब्रुवारीत. घर खाली करून द्या."

त्या दिवशी बाबांनी जेवताना जाहीर केलं, "वावरातलं घर बगीच्यासकट विकून टाकू. संक्रांतीपर्यंत विकलं तं इथंच सौसरात आपलं घर घेऊ. नाई विकलं तं वावरात राहायला जाऊ."

माझ्यासाठी वावरात राहणं म्हणजे धामण, म्हणजे पाठीमागची दारं, म्हणजे ते गवत. त्यातही एप्रिलपासून (आमच्याकडे वर्ष तेव्हाच सुरू होतं) नवी शाळा, आणि नव्या शाळेत पहिल्या दिवशी उभं राहून आपलं नाव सांगावं लागतं. (धामणीला निदान नाव तरी सांगावं लागत नाही.)

तेव्हा घर विकलं जावं म्हणून आमच्या घरात सर्वांत जास्त कोणी झटलं असेल तर ते मी. बोलून नव्हे, अर्थातच. बाबा म्हणाले, "वृषाली, तुह्यं अक्षर चांगलं हाय. जाहिरात तू लिही. पूनम मोबाइलवर टाकीन." पूनम माझी मोठी बहीण. ती कॉलेजात जाते आणि कोणाशीही बोलू शकते, अगदी बस कंडक्टरशीसुद्धा.

मी तीन वेळा कच्चं लिहून मग पक्कं केलं. खोटं एक अक्षर लिहिलं नाही. 'प्रत्येक खोलीस तीन दारे, त्यामुळे हवा खेळती. परिसर अत्यंत शांत. पशुपक्ष्यांची आवड असणाऱ्यांस घराबाहेर जावे लागणार नाही.'

पूनमनं वाचलं आणि म्हणाली, "तू मोठी होऊन वकील हो."

आता फक्त फोटो राहिले होते. नाताळच्या सुट्टीत बुधवारी आम्ही दोघी आणि आई बसनं वावरात गेलो. चिंधूकाका नव्हता. त्याच्या मुलीकडे सावरगावला बारसं होतं, तीन दिवसांनी येणार होता. आई घर झाडू लागली आणि पूनमनं बगीच्यासमोर मोबाइल धरला. मग खाली केला.

"वृषा, झाडं मेल्यासारखी दिसून राहिली."

तशी ती दिसतच होती. पानं निस्तेज, आत वळलेली, खाली पाचोळ्याचा थर. कारण बगीचा ताणावर होता. ज्यांच्या घरी संत्री नाहीत त्यांच्यासाठी सांगते. डिसेंबरात महिनाभर संत्र्याच्या झाडांचं पाणी तोडतात. झाड तहानेनं कासावीस होतं, पानं गाळतं, आणि मग जानेवारीत पाणी दिलं की घाबरून अंगभर फुलतं. त्याच फुलांचा पुढे बहार होतो. महिना पुरा व्हायच्या आत पाणी मिळालं तर झाडाला वाटतं, चला, संकट टळलं. ते नुसती हिरवीगार पानं काढून मजेत उभं राहतं. ताण मोडला की बहार गेला. आमच्याकडे हे पाळण्यातल्या लेकराला माहीत असतं.

मलाही माहीत होतं. पण मला फोटोतलं मेलेलं झाड दिसत होतं, त्यामागे न आलेला ग्राहक दिसत होता आणि त्यामागे मोहगावच्या शाळेतला नवा वर्ग दिसत होता, सगळे माझ्याकडे बघत असलेला. मी हिशेब केला. चारशेपैकी रस्त्याकडची फक्त अकरा झाडं. त्यांना दोन तास पाणी. पानं जरा ताठ होतील, शनिवारपर्यंत फोटो काढता येईल.

मी एकटीच विहिरीकडे गेले. मोटरच्या खोलीत अंधार होता आणि कोपऱ्यात काहीतरी सळसळलं. ते काय होतं याचा मी आजपर्यंत विचार केलेला नाही. बाहेर पाइपावर चार वाल्व होते. अकरा झाडांचा कोणता, ते लिहिलेलं नव्हतं. मी पहिला उघडला, मग स्टार्टरचं बटण दाबलं. काही नाही. दुसरा उघडला, बटण दाबलं. काही नाही. तिसरा, चौथा. शेवटी एक खटका होता तो खाली होता, मी वर केला. तरी काही नाही. तेवढ्यात कोपऱ्यात पुन्हा सळसळलं आणि मी बाहेर होते. कशी आले ते आठवत नाही.

वीज नव्हती, एवढंच. वावरातली लाइन त्या दिवशी दुपारनंतर यायची होती. आम्ही दोनच्या बसनं परत निघालो. आपल्याला साधं पाणीसुद्धा देता आलं नाही म्हणून मी वाटभर खिन्न होते. (तो खटका 'ऑटो'चा होता. तो वर असला की लाइन आल्याबरोबर मोटर आपोआप सुरू होते. हे मला शनिवारी कळलं.)

पूनमनं शेवटी दोन वर्षांपूर्वीचा फोटो टाकला, संत्र्यांनी लगडलेल्या बगीच्याचा. गुरुवारी फोन आला. सावरगावचे पुंडलिकराव. शनिवारी येतो म्हणाले.

बाबा खूश झाले. "जुना संत्रेवाला माणूस हाय. त्यायले घराचं काही नाई, बगीचा पाह्यजे. आपला ताण यंदा एक नंबर बसला हाय, पाहताबरोबर हो म्हणतील."

मी देवाजवळ दिवा लावला.

शनिवारी अकराच्या सुमारास आम्ही सगळे वावरात उतरलो. चिंधूकाका नुकताच सावरगावहून येऊन फाटकाशी उभा होता, डोक्याला नवा रुमाल, बारशाचा. त्याच्या मागोमाग जीप आली. पुंडलिकराव सत्तरीचे, पांढरं धोतर, हातात काठी. ते उतरले, घराकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही, मान वाकडी करून कानोसा घेतला.

"मोटर कायची चालू हाय, वीरेंद्रभाऊ?"

मलाही तो आवाज आला. घुर्रर्र, एकसारखा. क्षणभर मला वाटलं मधमाश्या असतील. मग वाटलं मधमाश्याच असू देत, कितीही असू देत, मला चावू देत.

"मोटर?" बाबा हसले. "कोणाची तरी शेजारची असंन. आपला तं ताण हाय."

आम्ही बगीच्यात शिरलो. आणि काय सांगू, झाडं इतकी सुंदर दिसत होती! पानं ताठ, तजेलदार, उन्हात चमकत होती, शेंड्यांवर बारीक कोवळी लव फुटू लागल्यासारखी. एक क्षण, अगदी एकच क्षण, मला आनंद झाला. मग मी बाबांचा चेहरा पाहिला.

पुंडलिकरावांनी काठी मातीत रोवली. ती वीतभर आत गेली. त्यांनी ती काढली, टोकाचा चिखल बोटानं पुसला आणि बाबांना दाखवला. आमच्याकडे कोणी वारलं की लोक असाच चेहरा करतात.

"चिंधू!" बाबा ओरडले. बाबा घरात कधी ओरडत नाहीत, रागावले की पेपर वाचतात.

चिंधूकाका विहिरीकडे धावत गेला. घुर्रर्र थांबलं. तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "मालक... चारही वाल्व खुल्ले हायेत. आन् ऑटो चढवेल हाय."

"कोणं चढवलं?"

"मले काय मालूम? मी तं सावरगावले होतो."

"जायच्या आधी तूच चढवून गेला असशीन!"

"आईची आन, मालक. ताणात मी मोटरच्या खोलीकडं पाहत बी नाई. तीस साल झाले मले."

"मंग पाणी काय आभाळातून पडलं?"

आता बोलायला हवं होतं. मला ते कळत होतं. मी पुढे झाले. जीभ टाळूला चिकटली होती. चिंधूकाकाच्या नव्या रुमालाकडे बघून मी सगळा जोर लावला आणि म्हणाले, "बाबा... पाणी..."

आईनं लगेच पिशवीतून बाटली काढली. "घे माय. उन्हानं तोंड सुकलं पोरीचं. पुंडलिकभाऊ, तुमालेबी देऊ का?"

मी पाणी प्याले. दुसरं काय करणार होते?

पुंडलिकराव जीपकडे वळले. "घर चांगलं हाय जी तुमचं," ते घराकडे न बघताच म्हणाले. "पण ज्या बगीच्याचा ताण राखाले घरचं माणूस नाई, तो बगीचा दोन साल मांगं गेला समजा. मी दुसरीकडं पाहतो." जीप धुरळा उडवत निघून गेली. (आमच्या बगीच्यात तेवढा धुरळासुद्धा उरला नव्हता.)

मग बाबा हळू आवाजात बोलले, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "चिंधू, तुह्यं काम पाहून घे दुसरीकडं. सोमवारपासून येऊ नको."

चिंधूकाकानं डोक्याचा रुमाल काढला, घडी केली आणि खिशात घातला. त्याच्या घरात बाकी कोणी कमावतं नाही. हे मला ठाऊक होतं, बाबांनाही ठाऊक होतं.

परतीच्या बसमध्ये मी माझ्या भीतींचा हिशेब केला. घर विकलं गेलं नाही याची भीती एका बाजूला, बाबांची एका बाजूला. पण सगळ्यांत मोठी भीती त्या घडी केलेल्या रुमालाची होती. तोंडानं बोलणं मला जमणार नव्हतं, ते सिद्धच झालं होतं. मी घरी गेल्याबरोबर वही घेतली.

कच्चं लिहिलं ते सात पानं झालं. त्यात सगळं होतं. मला ते घर नको, मला धामणीची भीती वाटते, दारांची वाटते, नव्या वर्गाची वाटते, म्हणून घर लवकर विकलं जावं, म्हणून फोटो, म्हणून पाणी. वाचून पाहिलं तर ते सगळं सबबीसारखं वाटलं. गुन्हा कबूल करताना सबबी सांगू नयेत. म्हणून पक्कं लिहिताना मी भीतीचा भाग गाळला. उरलं ते असं:

'आदरणीय बाबा, पाणी मी दिले. चिंधूकाकांचा काही दोष नाही. बुधवारी बगीचा पाहिला तेव्हा ती सुकलेली झाडे मला पाहवली नाहीत. पानांचा एवढा थर पडला होता की पाऊल टाकवेना. ते घर आणि बगीचा डोळ्यांसमोरून हलत नव्हता. मी एकटीच मोटरच्या खोलीत गेले. तिथे अंधार होता, पण मी चारही वाल्व उघडले. बहार गेला याला मीच जबाबदार आहे. कृपया चिंधूकाकांना काढू नका. मला काय ती शिक्षा द्या. आपली आज्ञाधारक, वृषाली.'

एक अक्षर खोटं नव्हतं. सोमवारी सकाळी मी ते पत्र बाबांच्या डब्याच्या पिशवीत, पोळ्यांच्या डब्यावर ठेवलं. म्हणजे त्यांना दीड वाजता मिळेल आणि ते सहाला घरी येतील. मधले साडेचार तास त्यांचा राग निवायला.

बाबा अडीच वाजता घरी आले. नोकरी लागल्यापासून ते अडीच वाजता कधी आले नव्हते. दाराशी चपला वाजल्या तेव्हा मी स्वयंपाकघरात तांदळाच्या कोठीमागे होते.

"वृषाली कुठं हाय?"

"काऊन? काय झालं?" आई.

"तिले बोलाव."

मी बाहेर आले. बाबांच्या हातात पत्र होतं आणि डोळे लाल होते. मी डोळे मिटले. तर बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"काऊन नाई सांगितलं तू?" ते म्हणाले. "तुह्या जिवाले एवढं लागलं घर विकाचं, तं तोंडानं एक शब्द नाई बोलली पोट्टी!"

मी डोळे उघडले.

"प्रेमलता, आईक." बाबांनी पत्र वाचून दाखवलं. मोठ्यानं. जिथे मी स्वल्पविराम दिला होता तिथे ते हुंदका द्यायचे. "झाडं पाहवली नाई तिले! अंधारात एकटी गेली! बाई, म्या आफिसात वाचून दाखवलं सगळ्यायले. बडे बाबूंना मराठी येत नाई, तं मी हिंदीत समजावून सांगितलं. तेबी रडले."

(हिंदीत समजावताना त्यांनी काय काय घातलं देव जाणे. पुढच्या आठवड्यात बडे बाबू रस्त्यात भेटले तेव्हा मला म्हणाले, "बेटी, पेड़ों से लिपटकर रोई थी न तू?" मी मान हलवली. नाही म्हणायला निदान तीन वाक्यं लागली असती.)

आईनं पदर डोळ्याला लावला. "अवो, मले तं वाटलं पोरींनाच सौसर पाह्यजे. नाईतर मी कायले विकू म्हटलं असतं? मह्या हातची तुळस हाय तिथं."

"आन् मले वाटलं तुले पाह्यजे! मी तं तुमच्यासाठी विकून राहिलो होतो. माह्यं बचपन गेलं त्या घरात." बाबांनी नाक पुसलं. "ठरलं. नाई विकत. आपण वावरात राहाले जाऊ. ताण राखाले घरचं माणूस पाह्यजे म्हणत होते नं पुंडलिकराव? आता पाच माणसं राहतीन, चिंधू धरून."

पूनम माझ्याकडे बघत होती. तिनं माझं कच्चं पत्र वहीत पाहिलं असावं, कारण ती ओठ दाबून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि तिचे खांदे हलत होते. आईला वाटलं तीही रडते आहे. आईनं तिलाही जवळ घेतलं.

"बाबा," मी म्हणाले.

"बोल बेटा."

"चिंधूकाका..."

"आत्ता जातो. माफी मागतो त्याची. मीच चुकलो." आणि ते पाचच्या बसनं खरंच गेले. चिंधूकाकानं, बाबांनी नंतर सांगितलं, आधी माफी घेतली, मग चहा घेतला, मग म्हणाला, "पोरीले काही बोलू नका, मालक. झाडाची दया येनं चांगली गोष्ट हाय. पण तिले मोटरपासून दूर ठेवा." पूनम सोडली तर माझी खरी ओळख पटलेला तो एकटाच.

माझी सर्वांत मोठी भीती मिटली होती. दुसऱ्या भीतीबद्दल मी काही बोलावं अशी जागाच कुठे उरली नव्हती. मी रोज ठरवायचे, आज सांगू. पण रोज कोणी ना कोणी यायचं. आत्या आली, तिनं माझी दृष्ट काढली. शेजारच्या देवकाबाई आल्या आणि आपल्या नातवाला म्हणाल्या, "शिक काही! घरावर जीव असा पाह्यजे." नातू माझ्याकडे रागानं बघत होता. त्याचा राग रास्तच होता.

बगीच्याला पुढे व्हायचं तेच झालं. जानेवारीअखेरीस शेजारच्या बगीच्यांमधून फुलांचा वास येऊ लागला आणि आमची चारशे झाडं नुसती हिरवी, धष्टपुष्ट, निर्लज्जासारखी उभी. रस्त्यानं जाणारे थांबून विचारायचे, "हे काय झालं जी?" आणि बाबा अभिमानानं सांगायचे, "पोरीनं पाणी पाजलं." दर वेळी मी जवळपास असायचे. दर वेळी मला जमिनीत जावंसं वाटायचं, आणि जमीन चांगली ओली होती.

पण ते नंतरचं. त्याआधी, संक्रांतीच्या आदल्या रविवारी, आम्ही सामान हलवलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खाटा, कोठ्या, आईच्या कुंड्या, सगळं आलं. आई आणि पूनम आत चूल मांडत होत्या. बाबा खाटा लावत होते आणि मी त्यांना दोरी धरून मदत करत होते. ऊन उतरलं होतं. मागच्या पडितातलं गवत वाऱ्याशिवाय हलत होतं. मी म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. मनात तीनदा म्हणून पाहिलं आणि मग म्हणाले, अगदी स्पष्ट, एका दमात, आयुष्यातलं माझं पहिलं पूर्ण वाक्य:

"बाबा, मला या घराची फार भीती वाटते."

बाबांचा हात थांबला. त्यांनी आधी आतल्या दाराकडे पाहिलं, आई ऐकत नाही ना म्हणून. मग माझ्या कानाशी वाकले.

"मले तं लहानपणापासून वाटते बेटा," ते कुजबुजले. "कोणाले सांगू नको. म्हणून तं तुही एकटीची खाट इथं पुढच्या खोलीत टाकून राहिलो, आन् आमच्या तिघायच्या आत. एक हिमतीचं माणूस समोर असलं का बाकीच्यायले झोप लागते."